चार-सहा गाड्यांची ट्रान्सपोर्ट वहीतून मोबाइलवर आणताना: सुरुवात कुठून करायची

आमच्या ऑफिसच्या दारामागे खिळ्याला एक खाकी पिशवी लटकलेली असायची. खेप टाकून गाडी परत आली की ड्रायव्हर पोचपावत्या त्या पिशवीत कोंबायचा. महिनाअखेरीला वडील ती टेबलावर ओतून बिलं करायला बसायचे. एखादी पोच पावसात भिजून लगदा झालेली, एखादीवर चहाच्या ग्लासाचा गोल डाग, एखादी सापडतच नसे. पोच नाही म्हणजे बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे भाडं नाही.

मी धंद्यात आलो तेव्हा या सगळ्यावर उपाय म्हणून पहिल्याच महिन्यात पाचही गाड्यांना जीपीएस बसवला. मोबाइलवर गाड्या पळताना दिसायच्या. घरी पाहुणे आले की त्यांनाही दाखवायचो. वर्षभराने हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की गाडी कुठे आहे हे आम्हाला फोन करूनही कळत होतंच. पैसे कुठे आहेत ते मात्र अजूनही कळत नव्हतं. ते त्या पिशवीत होते.

म्हणून हा लेख. एक ते दहा गाड्या, एक मुनीम किंवा घरातलंच कुणीतरी हिशेब बघतंय, आणि 'आता सगळं ऑनलाइन करायचं' असं ठरलंय, अशांसाठी तो आहे. आपल्या देशात बहुतेक मालट्रक अशाच छोट्या मालकांकडे आहेत, पण सॉफ्टवेअर विकणारा येतो तो शंभर गाड्यांच्या कंपनीचं चित्र घेऊन. माझं म्हणणं एवढंच: जो कागद तुमचे पैसे अडवतो तो आधी मोबाइलवर आणा. नकाशा, सेन्सर, डॅशबोर्ड हे सगळं मागून.

1. पंधरा दिवस फक्त तारखा लिहा

काहीही विकत घेण्याआधी एक साधी वही घ्या आणि पुढच्या पंधरा दिवसांतल्या प्रत्येक खेपेच्या पाच तारखा लिहा: गाडी भरली कधी, खाली झाली कधी, पोच ऑफिसात आली कधी, बिल पार्टीकडे (म्हणजे भाडं देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे) पोचलं कधी आणि पैसे जमा झाले कधी. शेवटचा रकाना बरेच दिवस रिकामा राहील, राहू द्या.

आमच्याकडे यातून जे दिसलं ते बघून वडील गप्पच झाले. भिवंडीची खेप दोन दिवसांत आटपत होती, आणि तिची पोच ऑफिसात यायला कधी कधी तीन आठवडे लागत होते. गाडी तिथूनच रिटर्न लोड घेऊन दुसरीकडे जायची, तिथून तिसरीकडे, आणि पोच ड्रायव्हरच्या सीटखाली फिरत राहायची. पार्टी साठ दिवसांनी पैसे देते म्हणून आम्ही तिच्या नावाने बोटं मोडत होतो, पण त्यातले वीस दिवस आमचेच होते.

तुमचं दुखणं वेगळं असू शकेल. कुणाचं डिझेलमध्ये असतं, कुणाचं हाल्टिंगमध्ये (गाडी खोळंबल्याच्या पैशांत), कुणाचं मार्केटच्या, म्हणजे बाहेरून भाड्याने लावलेल्या, गाडीला दिलेल्या अ‍ॅडव्हान्समध्ये. वहीत दिसेल ते. पुढच्या पायऱ्यांचा क्रम मी आमच्या दुखण्याप्रमाणे लावलाय, तुम्ही तुमच्याप्रमाणे पुढेमागे करा. फक्त पहिल्या चार कुणी टाळू नयेत.

2. कागदपत्रं आणि मोबाइल नंबर

हे जमवून ठेवा:

- मालकाचं किंवा फर्मचं पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला चेक
- जीएसटी नोंदणी असेल तर तिचं प्रमाणपत्र. नसेल तर ई-वे बिल (माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) पोर्टलवरून घेतलेला 15 अंकी ट्रान्सपोर्टर आयडी
- उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र (सरकारी पोर्टलवर ही नोंदणी फुकट होते, पैसे मागणारी साइट दिसली तर ती दुसरीच आहे असं समजा)
- कॅरेज बाय रोड कायद्याखाली कॉमन कॅरिअर (लोकांचा माल भाड्याने नेणारा) म्हणून केलेली नोंदणी
- प्रत्येक गाडीचं आरसी, फिटनेस, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी, रोड टॅक्सची पावती
- प्रत्येक ड्रायव्हरचं लायसन्स आणि त्याचा खरोखर चालू असलेला मोबाइल नंबर

खरी मेख कागदांपेक्षा मोबाइल नंबरात आहे. परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर तुमच्या गाडीला कुठला नंबर जोडलाय ते आजच तपासा. आमच्या पाचपैकी तीन गाड्यांना आरटीओ एजंटचा नंबर जोडलेला निघाला. म्हणजे गाडीबद्दलचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि आपण दर वेळी त्याला फोन लावणार. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाचा नंबर असतो. तो बदलताना आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. आरसीवर नुसतं आडनाव आणि आद्याक्षरं असतील तर चार चकरा जास्त होतील, त्यामुळे हे काम शांतपणे आणि सगळ्यात आधी उरकून टाका.

दुसरी गोष्ट. ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये आरसी-लायसन्सचे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो असतात. ते रस्त्यात चालत नाहीत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमध्ये आलेली कागदपत्रं कायद्याने मूळ कागदाइतकीच धरली जातात, गॅलरीतला फोटो धरला जात नाही. लायसन्स प्रत्येकाने स्वतःच्या डिजिलॉकरमध्ये ठेवायचं, आणि गाडीचं आरसी ड्रायव्हरच्या मोबाइलवर कसं दिसेल याची सोय गाडी निघण्याआधी बसून करून द्यायची.

आणि या वाटेवरचा सगळ्यात वाईट खड्डा: 'तुमच्या गाडीचं चलान झालंय, खालची फाइल उघडा' असा मेसेज. गाडीचा नंबरही त्यात बरोबर असतो. ती फाइल एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी, असते आणि उघडली की मोबाइलमधले ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. सरकारी चलान बघायचं तर परिवहन खात्याच्या ई-चलान पोर्टलवर स्वतः जाऊन बघायचं. मेसेजमधून आलेलं कुठलंही अ‍ॅप बसवायचं नाही, हे ड्रायव्हरला, मुनीमजींना आणि घरात ज्याच्या हातात फोन असतो त्या प्रत्येकाला सांगा.

3. बिल्टी आधी नीट करा, मग संगणकावर

बिल्टी म्हणा, एलआर म्हणा, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याची आपण देतो ती पावती, आपल्या धंद्याचा जन्मदाखला तोच. जीएसटीच्या भाषेत आपण गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी ठरतो तेही बिल्टी देतो म्हणून. तरी बहुतेक ठिकाणी बिल्टीबुकं दोन-तीन असतात, एक ऑफिसात, एक गोडाऊनवर, एक मालकाच्या गाडीच्या डिकीत, आणि तिन्हींवर नंबर आपापले चालू.

सॉफ्टवेअर घेण्याआधी एवढं करा. एकच नंबरमाला ठेवा. दोन ठिकाणांहून बिल्टी फाडायचीच असेल तर प्रत्येकाला वेगळं अक्षर द्या. गाडी नंबर एकाच पद्धतीने लिहा, मध्ये जागा किंवा रेघ न सोडता. पार्ट्यांची एक यादी करा आणि प्रत्येक पार्टीची ओळख नावाऐवजी तिच्या जीएसटी नंबरावर ठेवा. आमच्या वह्यांत एकच पार्टी 'श्री गणेश टेक्स', 'गणेश टेक्स्टाइल' आणि 'गणेशवाले' अशा तीन अवतारांत होती. संगणकाच्या लेखी त्या तीन पार्ट्या, आणि त्यामुळे बाकी कुणाची किती हे कुणालाच सांगता येईना.

बिल्टीवर हे सगळं हवंच: माल पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता-जीएसटी नंबर, कुठून कुठे, गाडी नंबर, मालाचं वर्णन, नग आणि वजन, इन्व्हॉइस नंबर, ई-वे बिल नंबर, आणि जीएसटी कोण भरणार ते. भाड्याच्या रकान्यात 'ठरल्याप्रमाणे' लिहायची आपली जुनी सवय आहे. ती सोडा. माल खराब झाला किंवा हरवला तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत धरली जाते, अर्थात पाठवणाऱ्याने जास्त किंमत लेखी जाहीर केली नसेल तर. बिल्टीवर भाड्याचा आकडाच नसेल तर उद्या दहापट कशाची काढणार?

सुरुवातीला गुगल शीट पुरते. खरंच पुरते. आम्ही पहिले आठ महिने तिच्यावरच काढले आणि त्या आठ महिन्यांत आपल्याला कुठले रकाने लागतात ते कळलं. मग ट्रान्सपोर्टचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा विक्रेत्याला आम्ही प्रश्न विचारत होतो, तो आम्हाला नाही. त्यातला पहिला प्रश्न तुम्हीही विचारा: उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून मिळेल का? उत्तर द्यायला तो घुटमळला तर उठून या.

4. ई-वे बिल: इथे चूक महाग पडते

ही पायरी थोडी लांब होणार आहे, कारण नवख्याला सगळ्यात जास्त फटका इथे बसतो.

1 एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या, 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. राज्यातल्या राज्यात मर्यादा राज्याराज्यानुसार वेगळी आहे. महाराष्ट्रात ती 1 लाख रुपये आहे. बिलाचे दोन भाग असतात. भाग अ म्हणजे मालाची माहिती, तो बहुधा माल पाठवणारा भरतो आणि त्यात तुमचा ट्रान्सपोर्टर आयडी टाकतो. भाग ब म्हणजे गाडी नंबर, तो तुम्ही भरायचा. भाग ब भरला की घड्याळ चालू होतं.

घड्याळ कसं मोजतात ते नीट समजून घ्या. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. म्हणजे 450 किलोमीटरला तीन दिवस. दिवस मात्र 24 तासांचा नसतो. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. सोमवारी रात्री 10 वाजता भाग ब भरला, तर पहिला दिवस मंगळवारी रात्री 12 ला संपेल आणि तीन दिवसांचं बिल गुरुवारी रात्री 12 ला. ओव्हरसाइज मालाला, म्हणजे ओडीसीला, हाच हिशेब दर 20 किलोमीटरला एक दिवस असा होतो.

मुदत वाढवता येते, पण संपायच्या आधीचे 8 तास आणि संपल्यानंतरचे 8 तास एवढ्याच वेळात. वरच्या उदाहरणात गुरुवारी दुपारी 4 पासून शुक्रवारी सकाळी 8 पर्यंत. त्यासाठी गाडी त्या वेळी कुठल्या पिनकोडवर उभी आहे ते माहीत पाहिजे. ड्रायव्हरला पिनकोड सांगता येत नाही, लोकेशन पाठवता येतं. ते पाठवायला आधीच शिकवून ठेवा.

आता आमची गोष्ट. कापडाची गाडी खंबाटकी घाटाच्या अलीकडे बंद पडली. रात्रीचे दोन. ड्रायव्हरमामांनी डोकं चालवलं, ओळखीच्या गाडीत माल पलटी केला, म्हणजे उतरवून भरला, आणि गाडी लावून दिली. सकाळी कळवू म्हणाले, मालकाची झोप कशाला मोडायची. पहाटे पुढे जीएसटीच्या पथकाने गाडी थांबवली. बिलावर गाडी नंबर आमचा, समोर उभी गाडी दुसऱ्याची. अशा वेळी दंड मालावरच्या कराच्या दुप्पट असतो. माल 4 लाखांचा, कर 5 टक्क्यांनी 20,000, दंड 40,000. त्या खेपेचं भाडं दंडाच्या निम्मंसुद्धा नव्हतं. पार्टीने दंड भरून माल सोडवला आणि आमच्या पुढच्या बिलांतून कापून घेतला. मामांना काय बोलणार? चूक माझी होती. पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही फक्त माझ्या मोबाइलवर, आणि मोबाइल सायलेंटवर.

म्हणून हे नियम आता आमच्या ऑफिसात भिंतीवर आहेत:

- माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेला की चाक हलण्याआधी भाग ब बदलायचा. मुदत असेपर्यंत तो कितीही वेळा बदलता येतो.
- पोर्टलवर सब-युजर करायचे, प्रत्येकाचा मोबाइल नंबर वेगळा. रात्री कुणाचा फोन चालू असणार ते आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवायचं.
- पार्टीने भाग ब स्वतःच भरून दिला तर तो वाचायचा. कालच्या रद्द झालेल्या गाडीचा नंबर तसाच राहिलेला असतो.
- बिल रद्द करायचं तर ज्याने केलं त्यानेच, 24 तासांच्या आत. त्यानंतर पार्टीला कितीही फोन लावा, उपयोग नाही.

गाडी नंबरात एखादा-दुसरा आकडा चुकला, बाकी सगळं बरोबर असलं, तर घाबरू नका. 14 सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे अशा किरकोळ चुकीला केंद्राचे 500 आणि राज्याचे 500, असा 1,000 रुपयांचा दंड आहे. त्या परिपत्रकाची प्रत आम्ही प्रत्येक गाडीत ठेवतो. रस्त्यात वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

पार्टीचं इन्व्हॉइस किती जुनं आहे तेही बघा. जानेवारी 2025 पासून 180 दिवसांपेक्षा जुन्या कागदावर ई-वे बिल निघत नाही. गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल अचानक हलवायचा असतो तेव्हा हे लक्षात येतं, तेही गाडी भरून झाल्यावर.

5. पोच: खाकी पिशवीचा बंदोबस्त

आमचा धंदा खरा बदलला तो इथे, आणि त्याला खर्च काही आला नाही.

नियम एकच केला: माल खाली झाला, सही-शिक्का झाला, की गाडी आवाराबाहेर काढायच्या आधी पोचेचा फोटो ऑफिसला. फोटो आला की त्या खेपेचा भत्त्याचा उरलेला भाग लगेच यूपीआयने ड्रायव्हरच्या खात्यात. आधी मी नुसतं 'फोटो पाठवत जा' असं सांगून बघितलं होतं, दोन महिने कुणी पाठवला नाही. भत्ता जोडला आणि चौथ्या दिवशी पाचही गाड्यांचे फोटो यायला लागले.

फोटोही शिकवावा लागतो. पहिले फोटो असे यायचे: केबिनमधल्या अंधारात, मांडीवर ठेवलेला कागद, अर्धा अंगठा, शिक्का कापलेला. मग आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरमामांनीच पद्धत बसवली. कागद बॉनेटवर ठेवायचा, वारा असेल तर चार कोपऱ्यांवर चार नट. मोबाइल दोन्ही हातांनी धरून सरळ वरून फोटो. मग कागद पालटून मागची बाजू. बाकीच्यांना त्यांनीच शिकवलं. माझं सांगणं कुणाच्या कानात शिरलं नसतं.

मागच्या बाजूचा फोटो विसरू देऊ नका. 'दोन नग कमी', 'एक पेटी ओली' असले शेरे तिथेच मारलेले असतात आणि दीड महिन्याने बिलातून पैसे कापले जातात तेव्हाच ते आपल्याला दिसतात. त्याच दिवशी दिसले तर ड्रायव्हर अजून तिथेच उभा असतो, विचारता येतं, नग परत मोजता येतात. काटापावतीचा (वजनकाट्याच्या पावतीचा) फोटोही याच वेळी घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण साठवण म्हणून नाही. फोन हरवतो, मेमरी भरली की कुणीतरी सगळं पुसतं. आलेला फोटो त्याच दिवशी ड्राइव्हवर बिल्टी नंबराच्या नावाने ठेवायचा: नुसता नंबर, पुढे 'अ' किंवा 'ब' म्हणजे पुढची आणि मागची बाजू. महिन्याचं एक फोल्डर. शोधायला दहा सेकंद लागतात.

मूळ कागद मात्र अजूनही लागतो. कित्येक कंपन्यांचं अकाउंट खातं शिक्क्याच्या मूळ कागदाशिवाय बिल हातात घेत नाही. तरी विचारून बघा. आम्ही सगळ्यात मोठ्या तीन पार्ट्यांकडे जाऊन एवढंच म्हणालो, 'साहेब, फोटोवर बिल चढवून घ्या, मूळ पोच महिनाअखेरीला एकगठ्ठा देतो, ती आल्याशिवाय पैसे सोडू नका.' दोन तयार झाल्या. तिसरीने ऐकलं नाही. तिच्या पोचपावत्या आता ड्रायव्हर तिथूनच कुरिअर करतो.

6. फास्टॅग आणि डिझेल

फास्टॅग फेब्रुवारी 2021 च्या मध्यापासून सगळ्या गाड्यांना सक्तीचा आहे, त्यामुळे तो तुमच्याकडे असणारच. टॅग चालला नाही तर रोखीत दुप्पट टोल. नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयने भरला तर सव्वापट. सगळ्या गाड्यांचे टॅग एकाच बँकेत, एकाच पाकिटाखाली आणा. पाच टॅग पाच बँकांचे असले की महिन्याचा हिशेब म्हणजे डोकेदुखी. रिचार्ज गाडी निघायच्या आधी करा, नाक्यावर उभं राहून नव्हे. ऑगस्ट 2025 मध्ये 3,000 रुपयांत सुरू झालेला वार्षिक पास खासगी कार-जीपसाठी आहे, मालवाहू गाडीसाठी कुणी विकत असेल तर फसू नका.

टोल कापल्याचा मेसेज येतो त्यात नाका आणि वेळ असते. म्हणजे जीपीएस नसलेल्या गाडीचाही माग लागतो. मार्केटची गाडी लावली असेल तर तिच्या मालकाकडून ते मेसेज मागून घ्या. मोठ्या कंपन्यांना हीच फास्टॅगची आणि वाहन पोर्टलची माहिती सरकारच्या यूलिप नावाच्या व्यवस्थेतून मिळते, जी सप्टेंबर 2022 च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आली. आपल्याला थेट त्याच्या वाटेला जायची गरज नाही. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, तुमचं यूलिपशी जोडलंय का. तेवढं पुरे.

डिझेलसाठी इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्थान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस अशी फ्लीट कार्डं आहेत. ज्या कंपनीचे पंप तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर जास्त, ते घ्या. सवलतीचे आकडे बघून घेऊ नका. अ‍ॅव्हरेज काढायचं तर टाकी फुल ते टाकी फुल, दोन्ही वेळा किलोमीटरच्या काट्याच्या फोटोसह. दुसरी कुठलीही पद्धत भांडणाकडे नेते.

7. आता जीपीएस

घ्या आता. पण गाडी बघायला म्हणून नको, हाल्टिंग वसूल करायला म्हणून घ्या. पार्टीच्या गोडाऊनभोवती नकाशावर कुंपण आखता येतं. गाडी आत कधी गेली आणि बाहेर कधी आली याच्या वेळा आपोआप नोंदल्या जातात. 'गाडी दोन दिवस उभी होती' असं तोंडी सांगून हाल्टिंग मिळत नाही, बिलाला तो कागद जोडला की निदान अर्धं तरी मिळतं.

घेताना दुसऱ्या वर्षीचा खर्च विचारा, कारण पहिल्या वर्षाची किंमत आमिष असते. सिम कुणाच्या नावावर, नूतनीकरण कोण करणार, तेही लिहून घ्या. ड्रायव्हरला आधी सांगून बसवा. चोरून बसवलेल्या जीपीएसची वायर आठवड्याभरात 'आपोआप' ढिली होते. मार्केटच्या गाडीसाठी सिमवरून माग काढायची सोय असते, तिला ड्रायव्हरची संमती लागते आणि तो मेसेजला उत्तर देईपर्यंत काही दिसत नाही. त्याला फोन करून समजावून सांगा, मग मेसेज पाठवा.

8. बिल आणि वसुली

पोच आली त्याच दिवशी बिल. महिन्याचं एकदम नको. बिलाच्या पीडीएफमध्ये मागेच बिल्टी, पोचेच्या दोन्ही बाजू, काटापावती, हाल्टिंगचा कागद, वराई-हमालीची पावती. एकच फाइल. पार्टीच्या क्लार्कला शोधाशोध करायला लावली की तुमचं बिल ढिगाच्या तळाशी जातं, हे मी समोर बसून बघितलंय.

बिलावर उद्यम नंबर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढत जाणारं व्याज लागतं. सरकारच्या पोर्टलवर तक्रारही करता येते. आता खरं सांगायचं तर रोज माल देणाऱ्या पार्टीवर तक्रार कोण करणार? आम्हीही केलेली नाही. पण मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही, आणि हे त्यांच्या सीएला चांगलं माहीत असतं. उद्यम नंबर छापायला लागल्यापासून मार्च महिन्यात आमचे वसुलीचे फोन कमी झाले.

वर्षाला 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट हे तिचे चालक. पार्टीने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला व्याज वजा करून पैसे लगेच मिळतात, आणि पार्टीने पुढे पैसे बुडवले तरी बँक तुमच्याकडे मागायला येत नाही. अडचण एकच, पार्टीची मान्यता लागते. विचारायला काही लागत नाही.

टीडीएसचंही एक काम दर एप्रिलला करून टाका. वर्षभरात कधीही 10 पेक्षा जास्त मालवाहू गाड्या तुमच्या मालकीच्या नसतील, तर पॅनसह तसं लिहून दिल्यावर भाड्यावर टीडीएस कापला जात नाही. ते घोषणापत्र वर्षाच्या पहिल्या बिलालाच जोडा. नंतर दिलं तर कापलेले पैसे रिटर्न भरून परत मिळवायचे, म्हणजे पुन्हा वर्षभर थांबा.

9. जुनी वही लगेच बंद करू नका

निदान तीन महिने दोन्ही चालू द्या. आमचे मुनीमजी अजून लाल वही लिहितात, आणि दोनदा तिच्यामुळेच शीटमधली चूक सापडली. एकदा मीच फिल्टर लावून रकाना खाली-वर केला होता आणि सतरा खेपांचं भाडं सतरा भलत्याच गाड्यांना जाऊन बसलं होतं. तेव्हापासून शीटमध्ये बदल करायचा अधिकार दोघांनाच आहे, बाकीच्यांना नुसतं बघता येतं, आणि दर शनिवारी तिची एक प्रत वेगळी उतरवून ठेवतो.

जीएसटीचे हिशेब आणि कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात, त्यामुळे स्कॅन झालं म्हणून मूळ बिल्टी रद्दीत घालू नका. वर्षाप्रमाणे खोक्यात भरा आणि खोक्यावर बिल्टी नंबर कुठून कुठपर्यंत ते मार्करने लिहा. पोत्यात भरू नका, उंदीर पोतं आधी धरतात.